कितमीर आणि पाणंदीच्या वाटा

मंगळवेढ्यात पळायला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुठं? पुण्याची माणसं रविवारी सिंहगड चढतात, मुंबईची लोणावळ्याकडे येतात. आमच्याकडे ना डोंगर, ना जंगल. काळी, खोल, सपाट जमीन, आणि सपाटही इतकी की एका बांधावर उभं राहिलं तर नजर अडायला झाड सापडत नाही. दामाजीपंतांच्या गावचं हे शिवार. ज्वारीचं कोठार म्हणून त्याची जुनी ओळख, २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. इथं ‘ट्रेल’ हा शब्द कुणी वापरत नाही. पण वाटा आहेत, आणि भरपूर आहेत. गेली तीन वर्षं दर रविवारी सकाळी मी त्यातली एकेक पायाखाली घालते. सोबत कितमीर असतो. कितमीर म्हणजे आमचा कुत्रा.

यावर मला दोन प्रकारचे प्रश्न येतात. आमची माणसं विचारतात, “टीचर, कुत्ता पाले क्या?” बाकीची विचारतात, “मॅडम, या वयात पळताव?” दोन्ही प्रश्नांत थोडं हसू असतं, थोडी काळजी असते. उत्तरं दोन्हींची देते, पण आधी वाटांबद्दल सांगू द्या, कारण शाळेत भूगोलाच्या पुस्तकातही त्या येत नाहीत.

आपल्या गावांचे जुने नकाशे आहेत. तलाठ्याकडे, भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात. मुंबई इलाख्यातली शास्त्रशुद्ध मोजणी १८३६ च्या सुमारास आमच्या शेजारच्या इंदापुरात सुरू झाली आणि मग ती पद्धत सगळीकडे पसरली. मंगळवेढा तेव्हा इंग्रजांच्या नाही, सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात होतं, पण नकाशे त्याच धर्तीचे झाले. या नकाशांवर दोन गावांच्या हद्दीवरून जाणारा शिवरस्ता असतो, बैलगाडीचा गाडीमार्ग दोन तुटक रेघांनी दाखवलेला असतो आणि पायमार्ग एका तुटक रेघेनं. मोजणीची साखळी ३३ फुटांची, म्हणून शिवरस्ता ३३ फूट, गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्ग सव्वाआठ फूट, असा हिशेब महसूल खात्यात सांगितला जातो. नकाशावर पायवाटेलासुद्धा रुंदी आहे हे मला फार आवडलं. चालणाऱ्या माणसाची कुणीतरी नोंद ठेवली होती.

प्रत्यक्षात काय असतं? ३३ फुटांचा रस्ता दोन्हीकडून नांगरत नांगरत आठ फुटांवर आलेला असतो. पाणंदीत वेडी बाभूळ माजलेली असते. काही वाटा उसाच्या फडात शिरतात आणि बाहेरच येत नाहीत. तरी गाव नकाशा मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि जुन्या माणसांना विचारलं, तर निम्म्या वाटा सापडतात. मला सापडलेली पहिली वाट अशीच एका म्हाताऱ्या गड्यानं दाखवली. म्हणाला, “बाई, ही वाट तुमच्या पिंजाऱ्याची हाय.” मी चमकले. माझे आजोबा पिंजारी होते. आम्ही त्यांना बडेअब्बा म्हणायचो. खांद्यावर पिंजण टाकून ते दिवाळीच्या आधी गावोगाव फिरायचे, वाड्यांवर मुक्काम करून गाद्या भरायचे. मोबदल्यात ज्वारी मिळायची. त्या गड्याच्या घरी बडेअब्बांनी भरलेली गादी त्याच्या लहानपणी होती. ज्या वाटेनं ते यायचे तिला त्या वस्तीवर ‘पिंजाऱ्याची वाट’ म्हणत. नकाशावर ती नुसती एक तुटक रेघ आहे.

आता पळण्याबद्दल. एकेचाळिसाव्या वर्षी रक्ततपासणीत साखर काठावर आली. डॉक्टर म्हणाले, गोळीच्या आधी सहा महिने रोज चाला. आमच्या घराण्यात शुगर सगळ्यांना आहे, अम्मीच्या पायाचं बोट त्यापायी गेलं, त्यामुळे मला समजावण्याची गरज नव्हती. पण चालायचं कुठं? हायवेच्या कडेनं चालावं तर गळीत हंगामात उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, आणि मागच्या ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर. मैदानावर सकाळी क्रिकेटवाले. गल्लीत चालावं तर चार घरं गेली की “टीचर, कहाँ निकले?” आणि तिथंच अर्धा तास. बुरख्यातली बाई बाजाराला निघाली तर कुणी बघत नाही, पण बुटं घालून हात हलवत निघाली की सगळं गाव बघतं. ही गोष्ट फक्त आमच्या मोहल्ल्याची नाही. शाळेतल्या माझ्या मराठा सहकारी बाईंचाही अनुभव हाच. बाईचं चालणं कामासाठी असेल तर ते चालणं, तब्येतीसाठी असेल तर तो फॅशन.

गावापासून दोन कोसांवर दिरांचं शेत आहे. रविवारी मिस्टरांसोबत गाडीवर तिथं जायचं, ते शेतात काम बघणार, मी बांधानं चालणार, असं सुरू झालं. चालता चालता पाय आपोआप उचलायला लागले. आधी एक बांध पळायचा, एक चालायचा. आज मी सलग सहा किलोमीटर पळते आणि बाकीचं चालते. वेग विचारू नका. शेळ्या राखणारी पोरं मला मागं टाकतात.

कितमीर याच शेतावर आला. २०२२ च्या हिवाळ्यात धनगरांचा वाडा शेतात बसला होता. मेंढरं बसवली की जमिनीला खत मिळतं, म्हणून शेतकरी त्यांना बोलावून घेतात. जाताना त्यांनी एक पिल्लू ठेवलं. लांब तोंडाचं, खोल छातीचं, पोट पाठीला लागलेलं. दीर म्हणाले उपाशी आहे. धनगर म्हणाला, “जातच तशी हाय, कारवानी.” ही कारवानी जात आपल्याकडे कोल्हापूर-सोलापूरपासून कर्नाटकातल्या मुधोळपर्यंत आहे. मुधोळच्या घोरपडे राजांनी ती जोपासली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली, म्हणून बाहेर तिला मुधोळ हाउंड म्हणतात. २००५ मध्ये टपाल खात्यानं तिच्यावर तिकीटही काढलं. कारवान हा शब्द फारसी, आपल्या उर्दूतलाच. तांड्यांबरोबर मध्य आशियातून आणि इराणकडून हे कुत्रे दख्खनेत आले असं मानलं जातं. त्यातल्या लांब केसांच्या कुत्र्याला पश्मी म्हणतात, तोही पश्म म्हणजे लोकर या फारसी शब्दावरून. म्हणजे आमच्या कुत्र्याची भाषा माझ्या घरासारखीच, अर्धी उर्दू, अर्धी मराठी. तो मात्र शुद्ध कारवानी नाही, गावठी रक्त बरंच आहे, आणि त्यामुळेच काटक आहे.

नाव मी ठेवलं. सूरे कहफमध्ये गुहेत झोपलेल्या तरुणांची गोष्ट आहे. जुलमी राजवटीला कंटाळून काही तरुण गुहेत जातात, अल्लाह त्यांना शेकडो वर्षं झोपवतो, आणि त्यांचा कुत्रा उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला असतो. ते किती जण होते यावर लोक वाद घालतील, असंही तिथं येतं, आणि प्रत्येक मोजणीत कुत्रा धरलेला आहे. कुरआनात त्याचं नाव नाही. तफसीरच्या परंपरेत त्याला कितमीर म्हणतात. भाषेची शिक्षिका म्हणून आणखी एक गंमत सांगते. हा शब्द कुरआनात दुसऱ्या ठिकाणी येतो, सूरे फातिरमध्ये, आणि तिथं त्याचा अर्थ आहे खजुराच्या बीवरची पातळ साल. अगदी क्षुल्लक वस्तू. आमच्या पिल्लाला दोन्ही अर्थ शोभत होते.

घरी मात्र नावानं काम भागलं नाही. सासूअम्मांनी ऐकलं आणि जपमाळ बाजूला ठेवली. “कुत्ते कू हात लगाई तू? घर में फरिश्ते नै आते फिर.” त्यांचं चुकीचं नव्हतं. हदीस आहे. विनाकारण कुत्रा पाळणाऱ्याच्या पुण्यातून रोज एक कीरात कमी होतो, अशीही हदीस आहे. पण त्याच हदीसमध्ये सूट कुणाला आहे तेही सांगितलं आहे: जनावरं राखणारा, शेत राखणारा आणि शिकारीचा कुत्रा. सूरे माइदात शिकवलेल्या शिकारी जनावरानं धरलेली शिकार हलाल ठरवली आहे. आमचा कुत्रा शेतावर राहतो, ज्वारी आणि शेळ्या राखतो. तो घरात येत नाही. मी हे सगळं मांडलं. त्यांनी मौलानांना विचारायला सांगितलं. मिस्टरांनी जाऊन विचारलं.

आपल्यात याबद्दल बराच गोंधळ आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. चारही इमाम एकच बोलत नाहीत. शाफई मताप्रमाणे कुत्रा सगळाच नापाक, त्यामुळे कोकणातले आपले भाऊबंद याबाबत जास्त कडक. मालिकी मताप्रमाणे कुत्रा पाक, भांडं धुवायचं ते हुकूम आहे म्हणून. आम्ही हनफी. हनफींमध्ये मान्य मत असं की लाळ नापाक आहे, अंग नाही. सुक्या अंगाचा स्पर्श झाला तर कपडे नापाक होत नाहीत, लाळ लागली तर तेवढं धुवायचं. मौलानांनी हेच सांगितलं. मी माझी सोय केली. फजर घरी पढून निघते. पळण्याचा सलवार-कमीज वेगळा, तो शेतावरच्या खोलीत असतो. परत आलं की हापशावर हात-पाय धुते, कपडे बदलते आणि मग घरी. कितमीरचं जर्मनचं ताटही वेगळं.

आणि ज्या हदीस आपण मुलांना सांगायला विसरतो त्याही सांगायला हव्यात. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे, एका वाटसरूनं तहानलेला कुत्रा ओली माती चाटताना बघितला. तो विहिरीत उतरला, आपल्या पायताणात पाणी भरलं, दातात धरून वर आणलं आणि कुत्र्याला पाजलं. अल्लाहनं त्याला माफ केलं. दुसऱ्या रिवायतीत हेच काम करणारी एक बदनाम बाई आहे, तिलाही माफी मिळाली. माझ्या वर्गातल्या मुलांना कुत्र्याला दगड मारायचा असतो हे न शिकवता येतं. ही गोष्ट शिकवावी लागते.

आपल्या साहित्याचाही कुत्र्याशी जुना संबंध आहे. नवव्या शतकातल्या बसऱ्याच्या जाहिजनं आपल्या ‘किताबुल हयवान’मध्ये कुत्रा श्रेष्ठ की कोंबडा असा लांबलचक वादच रंगवला आहे. बगदादच्या इब्न अल-मर्जुबाननं, जो ९२१ मध्ये वारला, एक आख्खं पुस्तक लिहिलं, त्याचं नावच आहे ‘कपडे घालणाऱ्या अनेकांपेक्षा कुत्र्यांची श्रेष्ठता’. अरबस्तानातले बदू लोक आपल्या सलूकी शिकारी कुत्र्याला कुत्रा म्हणतच नाहीत, ‘अल-हुर्र’ म्हणतात, म्हणजे खानदानी. त्याला ते तंबूत घेतात. सलूकी आणि आमचा कारवानी दिसायला सख्खे चुलतभाऊ.

इकडे पंढरपूर आमच्यापासून पंचवीस किलोमीटर. नामदेवांची भाकरी कुत्र्यानं पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले, ही गोष्ट इथं पोरासोरांना पाठ आहे. मी चौथीच्या वर्गात ती गोष्ट आणि पायताणातल्या पाण्याची गोष्ट एकाच तासाला सांगते. एकनाथांनी रामेश्वराला न्यायचं गंगेचं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजलं, ती तिसरी. मुलांना यातली कुठली गोष्ट कुणाची हे नंतर आठवत नाही. मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

आता वाटांकडे वळते.

पहिली वाट, काळ्या शिवारातली. तिचा हंगाम ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात इथं पळायचा विचारही करू नका. काळी माती बुटाला धरली की एकेका पायाला दोन-दोन किलोचा गोळा होतो. उन्हाळ्यात उलटं, जमिनीला हात-हात खोल भेगा पडतात, पाय अडकला तर घोटा गेला. डिसेंबरात ज्वारी डोक्याच्या वर जाते. दोन्ही बाजूंना मालदांडीच्या भिंती, मधून सव्वाआठ फुटांतली उरलेली तीन फूट वाट, पुढं कितमीरची शेपटी. कुठं माळ्यावरून गोफण सुटते, भोरड्यांचा थवा एकदम वर उठतो आणि दुसऱ्या शेतात बसतो. या भोरड्याही हिवाळ्यात मध्य आशियाकडूनच येतात, कितमीरच्या पूर्वजांसारख्या, पण परत जातात. जानेवारीत कुणी ना कुणी हुरड्याला हाक मारतंच. साखरेच्या पथ्यात हुरडा बसतो का हे मी डॉक्टरांना अजून विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

दुसरी वाट दक्षिणेकडची. तिकडं काळी जमीन संपते, मुरमाड माळ लागतो. पाण्यासाठी वर्षानुवर्षं झगडणारी गावं ती. पाऊस नसला की वाटेवर फक्त टँकर आणि घागरी भेटतात. इथं चढ आहे, खडी आहे, पळण्याची खरी परीक्षा आहे. आणि काळविटं आहेत. पहिल्यांदा दिसली तेव्हा सकाळचे साडेसहा झाले असतील. दहा-बारा माद्या आणि एक काळा नर, गवतावरून उड्या घेत निघाले. कितमीरच्या अंगात पिढ्यान् पिढ्यांची शिकार जागी झाली, तो ताणून निघाला आणि दोरी माझ्या मनगटाला कचकन बसली. दोरी होती म्हणून बरं. या माळावर मी त्याला कधीच मोकळा सोडत नाही. काळवीट १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सर्वांत वरच्या संरक्षणात आहे, आणि कुत्रा मागं घालणं ही कायद्यानं शिकारच. दंड-शिक्षेचं सोडा, पण सोलापूरचा माळ ही या जनावरांची उरलेली जागा आहे. नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं, आज माळढोक दिसणं दुर्मीळ झालं आहे. माळावर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना आणि पाडसांना मोकाट कुत्र्यांचा त्रास फार. कुत्र्यांचे रोग लांडग्यांना आणि खोकडांना लागतात. म्हणून कितमीरला रेबीजची आणि डिस्टेंपरची लस वेळेवर टोचतो. ज्याला माळावर कुत्रा न्यायचा आहे त्यानं आधी लस, मग दोरी आणि मग बूट विकत घ्यावेत.

तिसरी वाट भीमाकाठची, माचणूर-ब्रह्मपुरीची. घाटाच्या पायऱ्या, सिद्धेश्वराचं मंदिर, पलीकडं पाणी आणि जवळच किल्ल्याची तटबंदी. १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं औरंगजेबाची मोठी छावणी इथं होती. त्यानं गावाचं नाव इस्लामपुरी ठेवलं होतं, ते टिकलं नाही, ब्रह्मपुरीच राहिलं. १६९७ च्या पावसाळ्यात भीमेला पूर आला आणि छावणीची दाणादाण उडाली. १६९९ मध्ये तो इथून साताऱ्याकडे निघाला, आणि १७०७ मध्ये दिल्ली न बघताच वारला. हिंदुस्थानचा बादशहा चार वर्षं मंगळवेढ्याच्या उंबऱ्यावर बसून होता आणि मराठे त्याला हाती लागत नव्हते. शिकवायला याहून चांगला इतिहास नाही.

२०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात मोबाइलच्या स्टेटसवरून दंगल झाली. त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी तटबंदीजवळ थांबून कितमीरला पाणी पाजत होते. मिस्टर गाडीपाशी होते, हाकेच्या बाहेर. दोन पोरं मोटारसायकलवर आली. “कुठल्या?” “मंगळवेढ्याच्या.” “नाव काय?” नाव सांगितलं. क्षणभर कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला, “त्याच्या किल्ल्यावर कशाला आलाव?” दुसऱ्यानं मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, मी शिक्षिका आहे, रविवारी पळते, कुत्र्याला तहान लागली होती. आवाज स्थिर होता. हात नव्हते. कितमीर माझ्या आणि त्यांच्या मधे येऊन उभा राहिला होता, भुंकला मात्र नाही. घाटावर धुणं धुणाऱ्या एका म्हातारीनं वरून हाळी दिली, “अय, बाय माणसाचं शूटिंग काय घेतासा रं?” पोरं गेली. त्या व्हिडिओचं पुढं काही झालं नाही. पण पुढचे कितीतरी दिवस मोबाइल वाजला की पोटात गोळा यायचा.

मला त्या पोरांचा राग येतो, आणि ती माझ्याच वर्गात बसणाऱ्या मुलांच्या वयाची होती हेही दिसतं. त्यांना उत्तर द्यायला मला तेव्हा सुचलं नाही, आता लिहिते. त्या बादशहाचा आणि माझा संबंध विचाराल, तर तो छावणी टाकून निघून गेला आणि माझी माणसं इथं गाद्या भरत राहिली. किल्ल्यावर हक्क सांगायला मी आले नव्हते. पण शेजारून जाणाऱ्या वाटेवर माझा हक्क आहे, आणि तो तुमच्याएवढाच आहे.

हे मी नुसतं भावनेनं म्हणत नाही. वाट अडवली तर काय करायचं याचा आपल्याकडे कायदा आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५, वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा तहसीलदार काढायला लावू शकतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३, बांधावरून जाण्याचा हक्क. शेतकरी एकमेकांविरुद्ध या कलमांखाली रोज अर्ज करतात. माणसाला माणसानं नजरेनं अडवलं तर अर्ज कुठं करायचा, हे मात्र कुठल्या कलमात नाही. चोखोबा याच मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळून गेले, साल १३३८ सांगतात. ज्यांना कुसाच्या आत जागा नव्हती त्यांच्याकडूनच कुस बांधून घेतलं. वाट कुणाची आणि भिंत कुणासाठी, हा आमच्या गावाचा सातशे वर्षांचा जुना प्रश्न आहे.

त्या रविवारनंतर घरात बैठक झाली. दीर म्हणाले, बस झालं, घरीच ट्रेडमिल घेऊ. मिस्टर गप्प होते. माझ्या मुलीनं, जी तेव्हा दहावीत होती, विचारलं, “अम्मी, फिर मैं बी नै जाऊँ क्या कहीं?” त्यावर कुणी काही बोलेना. शेवटी सासूअम्मांनी विचारलं, “कुत्ता संग था ना?” मी हो म्हटलं. “भागा नै?” नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, “फिर जा. उसकू लेके जा. अकेली नक्को जा.” एवढं बोलून त्या उठल्या. घरात कुत्रा येऊ द्यायला त्या आजही तयार नाहीत, आणि मीही आणत नाही. पण दर रविवारी माझ्या पिशवीत फडक्यात बांधलेली एक शिळी भाकरी असते. ती कुणासाठी आहे हे त्या सांगत नाहीत, मी विचारत नाही.

अकेली नक्को जा, हा त्यांचा हुकूम मी पाळला. आता आम्ही चारजणी असतो. शाळेतल्या त्या सहकारी बाई, माझ्या जाऊबाई, गल्लीतली एक शिवणकाम करणारी आणि मी. एकीच्या डोक्याला स्कार्फ, एकीच्या डोक्याला टोपी, दोघींच्या पायात मुलांचे जुने बूट. जाऊबाई पळत नाहीत, पण चालण्यात आम्हा कुणाला ऐकत नाहीत. चारजणी असल्या की लोक नाव विचारत नाहीत, “कुठल्या बचत गटाच्या?” असं विचारतात. आम्ही हो म्हणतो. माचणूरलाही पुन्हा गेलो. धुणं धुणारी म्हातारी भेटली नाही.

कुणाला सुरुवात करायची असेल तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. गावाचा नकाशा मिळवा, जुन्या माणसाला बरोबर घेऊन एकदा वाट चाला. पीक उभं असताना बांध सोडून आत पाय घालू नका, शेतकरी दिसला की आधी आपण राम राम किंवा सलाम घाला. घोणस आणि नाग दोन्ही आमच्याकडे आहेत, पहाटे अंधारात गवतातून जाऊ नका, उजाडू द्या. कुत्रा नेत असाल तर त्याच्यासाठी पाणी वेगळं घ्या. फेब्रुवारीनंतर नऊच्या आत परत फिरा, जमीन तापली की त्याचे पंजे भाजतात, तो सांगत नाही. माळावर सराटे फार, मधेमधे थांबून त्याचे पाय उलटे करून बघा. घरी आल्यावर कान आणि बगला तपासा, गोचीड तिथं बसते.

माझी साखर काठावरून खाली आली आहे. गोळी अजून सुरू झालेली नाही. नकाशावर मी चाललेल्या वाटा शिसपेन्सिलीनं रंगवते, मुलगी त्यांना नावं देते. पिंजाऱ्याची वाट सगळ्यांत आधी रंगवली. तिचा शेवटचा पाऊण किलोमीटर उसात गेला आहे. ऊस तुटला की शेताच्या मालकाला भेटून विचारायचं ठरवलं आहे, वर्षातून दोन महिने तरी बांधाकडेनं आम्हाला जाऊ द्याल का म्हणून. सहकारी बाईंची सासुरवाडी त्याच वस्तीवर आहे, बोलणी त्या करणार आहेत.